तुपाचा हात

"बाई, मटणाबिगर पांढरा रस्सा? कोल्हापुरात कुणाला सांगू नगा. गावाभायर काढतील आपल्याला," शेजारची शालूबाई नारळ खवता खवता म्हणाली.

"तू रस्सा ढवळ आधी. नारळाचं दूध फुटलं तर मीच तुला गावाबाहेर काढीन," मोझेलबाई म्हणाल्या.

मोझेलबाई वाक्रुळकर सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. मूळच्या पेणकडच्या. समाज बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. पण गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्या जैन वाटायच्या, कारण घरात मटण शिजत नसे. शिजणार कुठून? त्यांच्या रीतीनं बकरं कापणारा माणूस कोल्हापुरात नव्हता, आणि रीत मोडून खायला मोझेलबाई तयार नव्हत्या. शेजारीपाजारी हळहळायचे. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा चाखला नाही, म्हणजे बाईचा जन्म फुकट गेला, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

मटणाच्या जेवणात दूध-तूप चालत नाही, म्हणून त्यांची आई नव्याच्या सणाचा हलवा नारळाच्या दुधात करायची. नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष. इथं मटणच नव्हतं, तेव्हा बंधनही सुटलं. हळूहळू हलव्यात म्हशीचं दूध आलं, वर शालूबाईच्या घरचं तूप आलं. पुढे त्यांचे यजमान एझ्रासाहेब गेले, लेक दीना आधीच इस्रायलला जाऊन राहिलेली. एकटीसाठी कोण गव्हाचा चीक काढतं? सणाला एक मेणबत्ती लावायची, दुकानातला पेढा मोडायचा, झोपायचं. असं चाललं होतं.

आणि गेल्या आठवड्यात दीनाचा फोन आला. नोआ, तिची मुलगी, सैन्यातली नोकरी संपवून भारत बघायला आली होती. ती सणाला आजीकडे येणार होती.

"पण मम्मी, ती दूध, तूप, दही, अंडं काही खात नाही. मधसुद्धा नाही. प्राण्याचं काहीच नाही."

"मग खाते काय? हवा?"

"तू उगाच आग्रह करू नकोस. नाहीतर उठून जाईल."

त्या दिवसापासून मोझेलबाई एकच विचार करत होत्या. नातीला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दुडूदुडू चालत होती. आता ती एका संध्याकाळसाठी येणार, आणि ताटावरून उपाशी उठली तर? एवढी भीती त्यांना ड्युटीवरही कधी वाटली नव्हती.

मग आईचा जुना हलवाच उपयोगी पडला. गहू भिजत पडले, रोज पाणी बदललं गेलं, वाटून गाळून पांढराशुभ्र चीक निघाला. सफरचंद मधात बुडवून खायची रीत आहे; मधाऐवजी शालूबाईनं भावाच्या गुऱ्हाळातली काकवी पेठ वडगावहून आणली. हलव्यावर लावायला आजऱ्याचे काजू आले.

शालूबाई सकाळी आली ती तुपाची डबी घेऊनच.

"अगं, आज तूप कशाला?"

"सणाला रिकाम्या हातानं कशी येऊ? दरवर्षी आणतीय की. ऱ्हाऊ दे, तुमी उद्या खावा."

मोझेलबाईंनी हसून डबी ओट्याच्या कोपऱ्यात सारली. शालूबाईच्या घरी उद्या घट बसायचे होते, तरी ती दिवसभर थांबायला आली होती. तिला काय बोलणार?

नोआ सकाळच्या बसनं उतरली. उंच, उन्हानं रापलेली, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. आईकडून उचललेलं मोडकंतोडकं मराठी बोलत होती. आजीला तिनं मिठी मारली, पण चहा पुढं येताच कप नाकाशी नेऊन पाहिला. "आजी, दूध नाही?"

"कोरा आहे, बाळ."

तरी तिनं अर्धाच प्यायला. मग रंकाळा बघून येते म्हणून बाहेर पडली. मोझेलबाईंनी उरलेला चहा मोरीत ओतला.

दुपारभर दोघी हलवा आळीपाळीनं हाटत होत्या. हात भरून आले. गुलाबी रंग चढला, वेलदोड्याचा वास सुटला, गोळा कढईच्या कडा सोडू लागला.

"ताट आण, ताट! घट्ट होतोय!"

शालूबाईनं ताट ओढलं, घाईनं हात फिरवला, हलवा ओतला, वाटीच्या बुडानं थापला. मोझेलबाई वरून काजू लावू लागल्या आणि थबकल्या. ताटाला लावायला काढलेली खोबरेल तेलाची वाटी कढईशेजारी जशीच्या तशी भरलेली होती. कोपऱ्यातल्या डबीचं झाकण उघडं होतं.

शालूबाईनं स्वतःची बोटं हुंगली. "आगं बाई! जल्माची सवय, हाताला काय कळतंय? आता गं काय करू?"

दुसरा हलवा करायला चीक शिल्लक नव्हता. गहू भिजवून पुन्हा काढायचा, तर सण उलटून जाणार होता.

"बाई, एवढ्याशानं काय हुतंय? नुसता हात लागलाय. तिला कुठं कळणार हाय? नगा सांगू. उपाशी उठंल पोरगी."

मोझेलबाई स्टुलावर बसल्या. त्यांनाही क्षणभर तसंच वाटलं. पण त्यांना शिकायच्या वयातलं नर्सिंगचं हॉस्टेल आठवलं. एका रात्री मैत्रिणींनी वाटाण्याची उसळ वाढली होती. 'खा गं, त्यात काही नाही.' ताट संपल्यावर सगळ्या हसल्या. उसळ मटणाच्या रश्श्यात शिजवली होती. मनानं वाईट नव्हती एकही. मोझेलसुद्धा त्यांच्याबरोबर हसली, आणि मग मोरीत जाऊन मिठाचं पाणी पीत, ओकत बसली. त्यानंतर हॉस्टेलात कुणाच्या हातचं तिला सुखानं खाता आलं नाही.

"सांगायला हवं, शालू," त्या म्हणाल्या.

दिवस कलायला नोआ परतली. मोझेलबाईंनी मेणबत्त्या लावल्या, रीतीप्रमाणे मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली. नोआचा आवाज आपल्या आवाजात मिसळलेला ऐकून त्यांना भरून आलं. सफरचंद काकवीत बुडवून नोआनं चारदा खाल्लं. चवळी, भोपळा, भात खाल्ला. पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायली, डोळ्यांतून पाणी काढत. पण प्रत्येक घासाआधी तिची नजर एकदा वाटीत जायची.

मग हलव्याचं ताट आलं. मोझेलबाईंनी ते तिच्यासमोर ठेवलं, पण सुरी हातातच धरली.

"नोआ, यात दूध नाही. नारळाचंच आहे. पण ताटाला खालून तूप लागलंय. चुकून. तू नको खाऊस, मला वाईट वाटणार नाही." हे शेवटचं वाक्य साफ खोटं होतं.

"माज्याच हातानं झालं गं बाळा," दारात उभी शालूबाई म्हणाली. पदरात हात लपवून.

नोआनं ताट जवळ ओढलं, कडेनं वाकून पाहिलं.

"तूप खाली? वर नाही?"

"वर नाही."

"आजी, मी दोन महिने फिरते. सगळीकडे विचारते, दूध आहे? ते म्हणतात, नाही, नाही. आणि असतं." तिनं चमचा उचलला. "तू पहिली. तू म्हणालीस, आहे."

आणि तिनं वरच्या बाजूनं चमच्यानं हलवा खरवडून खायला सुरुवात केली. सावकाश, काजूसकट, तळाला न शिवता. मोझेलबाईंनी चेहरा मेणबत्तीकडं वळवला. नोआ मग एकदाही वाटीत न बघता उरलेलं सगळं जेवली, रस्सा पुन्हा मागून घेतला, आणि "आजी, उद्या पण थांबते," असं म्हणून हात धुवायला गेली.

ताटात तिनं खरवडलेल्या जागी तळाचा गुलाबी पापुद्रा तेवढा राहिला होता. शालूबाई जमिनीवर बसली, मोझेलबाईही गुडघे धरत बसल्या. दोघींनी एकाच ताटातला पापुद्रा उलथन्यानं सोडवून खाल्ला.

"तूप लागतंय?" मोझेलबाईंनी विचारलं.

"लागतंय की," शालूबाई म्हणाली, आणि बोटं चाटून पुसून ताट मोरीत ठेवायला उठली.