ताटातलं वजन

"मॅडम, डब्यातलं प्रोटीन आणि डाळीतलं प्रोटीन, शरीराला वेगळं कळतं का हो?"

पचनसंस्थेचा तास संपला होता. अकरावीचा वर्ग डबे खायला बाहेर पडला होता आणि चैताली ओव्हाळ माझ्या टेबलाशी उभी होती. मी म्हटलं, नाही कळत. पोटात गेल्यावर दोन्हींची अमिनो आम्लंच होतात. डाळीतलं थोडं कमी पचतं, आणि डाळीत जे आम्ल कमी असतं ते भाकरीतून भरून निघतं. तिनं श्वास सोडला. ती वेटलिफ्टिंग करायची. तिला ते शिकवणाऱ्या भिमाजी सरांनी पावडरीच्या एका डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. तो डबा महिनाभर पुरला असता आणि आईच्या अर्ध्या पगारात आला असता.

"मग डाळीचंच सांगा," ती म्हणाली.

मी लोणावळ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अठरा वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिला बसवून घेतलं.

ऑक्टोबरात पुण्याला एका क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी होती. अठ्ठेचाळीस किलोच्या गटातल्या मुलीनं स्नॅच आणि जर्क या दोन प्रकारांत मिळून एकशेपंधरा किलो उचलले की दोन वर्षं राहणं, शिक्षण, आणि रोज अंडी, दूध, चिकन, सगळं वसतिगृहाच्या खर्चानं. डिसेंबरात चैतालीला सतरा वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर अर्ज करता येत नव्हता. जूनमध्ये ती एकशेसहा उचलत होती.

"नऊ किलो म्हणजे काहीच नाही या वयात, अंगाला खाणं लागलं तर," भिमाजी सर मला फोनवर म्हणाले. "पण मॅडम, तिथं खायला मिळावं म्हणून आधी इथं खायला लागतं. ही गंमत आहे बघा."

मी प्रयोगवहीच्या मधल्या कागदावर तक्ता लिहिला. सत्तेचाळीस किलो वजनाच्या, रोज तीन तास सराव करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. घरच्या भाकरी, डाळ, भातातून पंचवीस मिळतात असं धरलं. उरलेल्या पन्नासांसाठी लिहिलं: सोयाबीनच्या वड्या साठ ग्रॅम, अंडी दोन, शेंगदाणे एक मूठ. बेरीज बरोबर पंचाहत्तर आली. इतक्या कमी खर्चात ती आली, याचा मला आनंद झाला.

चैतालीची आई हिराताई मळवलीत एका बंगल्याची देखभाल करायच्या. शनिवार-रविवारी पाहुणे आले की त्यांचा स्वयंपाकही त्याच करत. वडील सीताराम तळेगावला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होते. धाकटी मानसी सहावीत होती. तक्ता घरी पोहोचला तेव्हा वर्षावास तोंडावर आला होता, आणि आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने त्यांच्या घरात मटण-मासे बंद असायचे. अंड्यांचं काय, यावर दोन दिवस चर्चा झाली म्हणे. शेवटी हिराताईंनीच निकाल दिला. "बुद्धानं उपाशी ऱ्हाऊन बगितलं आन् सोडून दिलं. आपुन त्याच्यापेक्षा शाने हाय का?"

जुलैच्या शेवटी चैताली एकशेदहावर गेली. कॉलेजच्या दारात मला पाहून तिनं दोन्ही हात वर करून दाखवले, जणू हातात वजनांचा बार आहे. तालमीतल्या मुली तिला सोयाबाई म्हणू लागल्या होत्या, हेही तिनं हसत सांगितलं.

ऑगस्टमध्ये हिराताई शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला आल्या होत्या. छत्री दाराबाहेर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. "मॅडम, तुमची वडी लय पुरती हो. किलोभर आनली की दीड महिना बगायला नको. आमाला वाटलं व्हतं परवडतंय का न्हाई."

मी म्हटलं, "छान."

रोज साठ ग्रॅम खाल्ले तर एक किलो सतरा दिवसांत संपतं. हा भागाकार चौथीतलं मूल करू शकेल. मी अर्जावर तारीख घातली आणि शिक्का शोधत बसले.

त्यानंतर आकडे थांबले. ऑगस्टभर एकशेदहा, सप्टेंबरात एकशेसात. भिमाजी सर तिला म्हणू लागले, "काय गं, बार उचलतेस का बारला लटकतेस?" ती सकाळच्या लोकलनं वडगावला सरावाला जायची, तिथून लोणावळ्याला कॉलेजला, संध्याकाळी पुन्हा वडगावला. वर्गात तिचे डोळे मिटायला लागले होते. मी एकेक कारण तपासत गेले. झोप सात तास होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पाळी नियमित होती. खाण्याची बेरीज तर मीच केली होती, म्हणून ती पुन्हा तपासावी असं मला वाटलं नाही. मला शंका आली ती माणसांची.

"सगळं तूच खातेस ना?" मी तिला विचारलं. "म्हणजे, घरात लहान बहीण आहे..."

तिचा चेहरा उतरला. "मॅडम, आई काट्यावर मोजून देते. एक वडी जास्त झाली तर परत काढते, कमी पडली तर शोधून टाकते. मानसी ताटाकडे बघतसुद्धा नाही."

"मग?"

"मग माझ्या अंगातच नसेल," ती म्हणाली. ते तिनं अगदी साधेपणानं म्हटलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, चाचणीला अकरा दिवस राहिले असताना, मी न कळवता मळवलीला गेले. मुलीचं खाणं दुसरीकडे जातंय का, हे पाहायला गेले होते. हे मला कबूल करायला हवं.

बंगल्याच्या मागं दोन खोल्या. हिराताईंनी मला पलंगावर बसवलं, चहा ठेवला, आणि म्हणाल्या, "बसा, चैतालीचं ताट करती आदी. तिला सा वाजताची गाडी गाठायची."

ओट्यावर पांढरा काटा होता, स्वयंपाकघरात वापरतात तसला, एका कोपऱ्याला टवका उडालेला. बंगल्यात नवा आल्यावर जुना यांना मिळाला होता. हिराताईंनी त्यावर रिकामं ताट ठेवलं, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, आणि पातेल्यातल्या फुगलेल्या, शिजलेल्या वड्या हातानं दाबून, पाणी काढून, एकेक ताटात टाकायला लागल्या. त्रेपन्न. सत्तावन्न. एकसष्ट. एक छोटी वडी त्यांनी उचलून परत पातेल्यात टाकली. साठ.

"दीदीचं राशन," मानसी माझ्याकडे बघून कुजबुजली. "हात लावला तर आई हात मोडंल."

"शिजवल्यावर मोजता?" मी विचारलं.

"व्हय मंग. हितली शिस्तच हाय ती." त्यांनी ताटात भाकरी ठेवली. "येकदा पावन्यांनी पनीरवरनं लय भांडान केलं. दर मानसामागं शंबर गिरामचं पैसं घेतलं आन् ताटात कमी, म्हनं. मी किलोभर मोजूनच घातलं व्हतं, पन आटलं ना ते. तवापासनं मालकीनबाईंनी सांगून ठिवलं, हिरा, डब्यातलं मोजून उपेग न्हाई. मानसाच्या ताटात पडंल त्येच मोजायचं. आता कुनाची बोलायची टाप न्हाई." त्या हसल्या. "मंग पोरीच्या ताटाला तरी खोटं कशाला?"

कोरडी वडी पाण्यात टाकली की तिचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. त्या ताटातल्या साठ ग्रॅममध्ये चाळीस ग्रॅम पाणी होतं. एकतीस ग्रॅम प्रथिनं मी धरली होती. होती ती दहा. रोज एकवीस ग्रॅम कमी, जवळजवळ शंभर दिवस. आणि ऑगस्टमधलं हिराताईंचं ते 'किलोभराला दीड महिना' मला तेव्हा आठवलं.

हिराताई काटा पुसून फडक्यात गुंडाळत होत्या. मी तोंड उघडलं आणि जे म्हणायचं होतं ते म्हटलं नाही.

"हिराताई, आता चाचणी जवळ आली," मी म्हटलं. "आजपासून तिप्पट द्या. ताटात एकशे ऐंशी ग्रॅम."

"तिप्पट? पोट फुटंल की पोरीचं!"

"शेवटच्या दिवसांत असंच करतात."

माझ्या विषयात मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. चैताली दारात पायात बूट घालत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नाडीकडे.

अकरा दिवसांत स्नायू वाढत नाही. वाढलं ते फक्त पोटाचं दुखणं. चौथ्या दिवशी तिनं एकशे ऐंशीचे दीडशे करून घेतले, असं मला नंतर कळलं.

चाचणीला मी गेले. पत्र्याचं उंच छत, रबराची जमीन, दूर पंचांचं टेबल. बाकीच्या मुलींच्या आया खुर्च्यांवर बसल्या होत्या. हिराताईंना सुट्टी नव्हती, बंगल्यावर पाहुणे होते. चैतालीनं स्नॅचमध्ये एकोणपन्नास उचलले. जर्कमध्ये साठ, मग त्रेसष्ट. दोन्ही वेळा पंचांचे पांढरे दिवे, म्हणजे उचल मान्य. एकशेपंधरासाठी तिला सहासष्ट हवे होते. भिमाजी सरांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला, टेबलावर दिला आणि तिच्या पाठीवर एक थाप मारली. त्या दिवशी ते काही चेष्टेचं बोलले नाहीत.

सहासष्ट किलो खांद्यापर्यंत आले. ती खाली बसली आणि उठताना तिचे गुडघे थरथरले, तरी ती उठली. मग तिनं बार डोक्यावर ढकलला. उजवा हात सरळ झाला. डावा कोपरात वाकलेलाच राहिला. एक सेकंद, कदाचित दीड. बार तिच्या पुढे पडला आणि जमिनीवर दोनदा उसळला.

एकशेबारा.

नंतर ती बाहेरच्या पायरीवर बसली होती, हातांना अजून पांढरी पूड लागलेली. मी शेजारी बसले. सांगायचं ठरवलं होतं. ती माझ्या आधी बोलली.

"शेवटच्या दिवसांत असं कुणीच करत नाही, मॅडम. सरांना विचारलं मी. मग वड्यांची पिशवी वाचली. पाठीमागं लिहिलंय, शंभर ग्रॅमला बावन्न. मी शंभर ग्रॅम भिजवून पाहिल्या. पातेलं भरलं."

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "साठ ग्रॅम कोरड्या वड्या, असं मी लिहायला हवं होतं. तुझी आई ऑगस्टमध्ये मला सांगून गेली होती आणि मी..."

"मी दोन महिने माझ्या हाडांना शिव्या देत होते."

मला नेमकं बोलायची सवय आहे. मी म्हटलं, नुसत्या त्यानंच झालं असं खात्रीनं म्हणता येत नाही. लोह कमी होतं, प्रवास होता, एकाच मुलीवरून...

"तीन किलो, मॅडम," ती म्हणाली.



"आईला सांगू नका," तिनं हातावरची पूड फ्रॉकसारख्या त्या लांब टी-शर्टला पुसली. "तापात पडली होती ना, तरी उठून काटा मांडायची. एक दिवस चुकवला नाही तिनं. तिला कळलं तर ती म्हणेल, मी माझ्या हातानं पोरीला उपाशी ठेवलं. आयुष्यभर म्हणेल. मला जे व्हायचं ते झालंय."

"आणि तू?"

"काय मी? शनिवार-रविवार बंगल्यावर जाईन. आईला हाताखाली कुणीतरी पाहिजेच आहे."

नोव्हेंबरात हिराताईंनी मला जेवायला बोलावलं. वर्षावास संपला होता. कोंबडीचा रस्सा केला होता. मी नको म्हटलं असतं, पण त्यांना ते का, हे सांगता आलं नसतं. चैताली बंगल्यावरून नुकतीच आली होती, ओढणी कमरेला खोचलेली. तिनं मला पाणी दिलं आणि ताटं मांडली. वडगावला जाणं तिनं बंद केलं होतं. आठवड्यातून एकदा भिमाजी सरांचा फोन यायचा आणि ती तो उचलायची नाही, हे मानसीनं मला दारातच सांगितलं.

हिराताईंनी फडकं सोडून काटा काढला. ताट ठेवलं, शून्य केलं, आणि पातेल्यातल्या वड्या दाबून टाकायला लागल्या.

"आई, आता कशाला," चैताली म्हणाली.

"आसू दे गं. चाचनी झाली, आता पयल्यावानी साठच. अंगाला सवय झालीय. मोडू न्हाई." त्रेपन्न, अठ्ठावन्न. मग त्यांचा हात थांबला. त्या वळल्या नाहीत, काट्याकडे बघतच बोलल्या. "मॅडम, येक इचारू का? ही सांगत न्हाई कायबी. माझ्या मापात कुटं चुकलं का वो?"

चैताली भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"नाही, हिराताई," मी म्हटलं. "काटा बरोबर आहे. एका ग्रॅमचा फरक नाही."

"तेच म्हनलं." त्यांनी शेवटची वडी टाकली. साठ. "मंग नशीबच म्हनायचं."

त्यांनी ताट उचलून चैतालीपुढं ठेवलं. तिनं ते जवळ ओढलं आणि मान खाली घालून, एकही वडी न टाकता, सगळं खाल्लं.