न जळणारी चुंबळ

अव्वाच्या पोटात पाणी झालं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, मिश्री लावता का? दुसऱ्यांनीही तेच. जन्मात तंबाखूला हात न लावलेली माझी आई दर वेळी गुन्हा केल्यासारखी नाही म्हणायची. माझं डोकं फिरायचं. बाईमाणूस आजारी पडलं की आधी तिचंच काहीतरी चुकलेलं असायला हवं का?

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पोटातला तुकडा तपासायला पाठवला आणि मेसोथेलिओमा निघाला. हा अवयवांभोवतीच्या पातळ पडद्याचा कर्करोग, त्यांनी समजावलं. बहुतेकांना छातीत होतो, मग दम लागतो. क्वचित हृदयाभोवतीही होतो. अव्वाला पोटातला, म्हणून पोट फुगलं आणि दोन घासांतच तिला नको व्हायचं. त्यातही पेशींचे प्रकार असतात. एक त्यातल्या त्यात उपचारांना दाद देणारा, दुसरा भलताच हट्टी, तिसऱ्यात दोन्ही एकत्र. अव्वाचा तिसरा.

मग बाईंनी विचारलं, हा रोग बहुधा ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो, ते घरात कुठून आलं?

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मान खाली घातली. साखर कारखान्यात तीस वर्षं ते बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायचे. धुळीनं भरलेले त्यांचे कपडे अव्वा घरामागच्या परड्यात झटकून धुवायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी उरलेल्या दोरीची त्यांनी तिला चुंबळ वळून दिली होती, चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवायला. जळत नाही म्हणून ती शेजारणींना कौतुकानं दाखवायची. पुढं गॅस आला तरी चुंबळ ओट्यावर होतीच. आप्पांना मात्र आजही साधा खोकला नाही.

अव्वाचं एकच म्हणणं होतं. "मिश्रीनं गेली म्हनतील गं. कागदावर खरं येऊ दे." त्यासाठी आप्पांच्या कामात ॲस्बेस्टॉस होतं असं कारखान्याचं पत्र हवं होतं, आणि तिच्याकडे दिवस थोडे होते.

चौथ्या खेपेला सुरक्षा अधिकारी भेटले. चहा मागवला, चौकशी केली आणि शांतपणे सांगितलं की तसला माल आपल्याकडे कधी वापरलाच नाही. शिवाय काम करणारा माणूस ठणठणीत आहे, मग घरात बसलेल्या बाईला कसं होईल? आणि वर विचारलं, मिश्री वगैरे लावतात का?

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केलेली चुंबळ आप्पांनी काढली आणि टेबलावर ठेवली.

साहेबांची खुर्ची मागच्या भिंतीला जाऊन लागली. हात तोंडावर गेला.

"ते आधी उचला," ते म्हणाले. "असलं उघड्यावर आणायचं नसतं, कळत नाही?"

मी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं. आप्पा जागचे हलले नाहीत.

"बंद हाय की, सायेब. आमच्या घरात चाळीस वर्षं उघडी हुती. आता लिवा."