आधीपासून असलेला दरवाजा

मिस्त्रीने स्वतः बांधलेल्या भिंतीला स्वतःच्या हाताने भगदाड पाडलं आणि तिथे दरवाजा बसवला.

तसं काहीही झालेलं नाही. सरकारी नोंदीप्रमाणे तो दरवाजा आधीपासूनच तिथे होता, आणि सरकारी नोंद खोटी पाडणारे आपण कोण? तेव्हा वरचं वाक्य विसरून जावं आणि जिला अजून दरवाजा नाही अशा भिंतीपासून सुरुवात करावी.

ही भिंत मिस्त्रीच्या बाहेरच्या खोलीत होती. अजूनही आहे, थोडी कमी आहे. मिस्त्रीने ती तरुणपणी बांधली, आणि कित्येक वर्षं ती थंडीत गरम असायची. बाहेर नळ गोठायचे, लोक दोन-दोन स्वेटर घालून एकमेकांना ओळखेनासे व्हायचे, आणि मिस्त्री बनियनवर खुर्ची भिंतीला टेकवून रेडिओ ऐकत बसायचा. परांचीवरून पडल्यापासून त्याची कंबर थंडीत आखडायची आणि ती फक्त या भिंतीचं ऐकायची. डॉक्टरांचं मलम, लेकीने आणलेला विजेचा पट्टा, सगळ्यांना तिने वाटेला लावलं होतं.

भिंत गरम कशी, असं कोणी विचारलं की मिस्त्री एकच शब्द सांगायचा.

"माल."

मग थोडं थांबून, समोरचा उठायच्या आत, "वाळू चाळून चाळून घेतली होती. आजकाल कोण चाळतंय?"

भिंतीच्या पलीकडे लॉन्ड्री होती. तिथे भलामोठा बॉयलर होता. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं का? माहीत होतं, जसं डोक्यावर आकाश आहे हे माहीत असतं. म्हणून कोणी आकाशाकडे बघून मान लववत नाही. लॉन्ड्रीचं दार मागच्या रस्त्यावर उघडायचं आणि ती चालवणारी बाई फारशी बाहेर पडायची नाही. गल्लीत तिला इस्त्रीबाई म्हणत. मिस्त्री आणि इस्त्री इतकी वर्षं पाठीला पाठ लावून राहत होते, पण त्यांचं बोलणं म्हणाल तर वर्षातून एकदा, पाणी गेलं की, "तुमच्याकडे आलं का?" एवढंच.

त्या वर्षी सरकारने घरांचं फारच मनावर घेतलं. कोणत्या घरातून किती ऊब वाया जाते ते मोजायचं, गळती बुजवायची, प्रमाणपत्र द्यायचं, आणि हे सगळं फुकट. शिवाय बांधकामाचे नियम सोपे केले. पूर्वी घरात साधा दरवाजा काढायला परवानगी लागायची. आता परवानगी लागत नाही, फक्त परवानगी लागत नाही असा दाखला लागतो.

मिस्त्रीची लेक छपरांवर सोलर पॅनल बसवायचं काम करायची, म्हणून तिला या योजना तोंडपाठ होत्या. तिने अर्ज केला. माणसं आली, माळ्यावर जाड कापसासारखं अस्तर घालून गेली. खिडक्यांना दुहेरी काचा लागल्या. लेकीची खोली वरची. ती इतकी वर्षं कानटोपी घालून झोपायची आणि सकाळी तिच्या पेल्यातल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ असायचा. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा टोपीशिवाय खाली आली.

"तुझे केस असे आहेत होय," मिस्त्री म्हणाला.

त्याने रेडिओवर बातम्या देणाऱ्याला सांगितलंसुद्धा, "हे एक बरं केलंत." मिस्त्री सरकारवर खूश आहे हे कळल्यावर गल्लीतल्या दोघा-तिघांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

शेवटी तपासनीस आला. तरुण होता, अंगात काळा कोट, गळ्यात उष्णता दाखवणारा कॅमेरा. गार जागा निळी दिसते, गरम जागा लाल. त्याने छत बघितलं, छान म्हणाला. खिडक्या बघितल्या, छान म्हणाला. मग कॅमेरा भिंतीकडे वळवला आणि काहीच म्हणाला नाही.

"काय झालं साहेब?" लेकीने विचारलं.

तपासनिसाने पडदा फिरवून दाखवला. भिंतीच्या मधोमध एक गोल लालभडक पोट दिसत होतं, वर पाईप, बाजूला तबकडीसुद्धा. आणि त्या पोटावर आणखी एक आकृती होती, खांदे थोडे वाकलेले, डावीकडे झुकलेले.

"हा पलीकडचा बॉयलर आहे," तपासनीस म्हणाला. "आणि हे काय आहे कळत नाही."

"तो मी," मिस्त्री म्हणाला. तो नुकताच खुर्चीवरून उठला होता.

तपासनिसाने आकृतीकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं आणि मान डोलावली. मग त्याने नियम सांगितला. स्वतंत्र मालमत्तांच्या मधली भिंत अशी गळत असेल तर तिला जाड अस्तर लावायचं. लॉन्ड्रीची ऊब लॉन्ड्रीत राहील. अस्तर लागलं तर प्रमाणपत्र. नाही लागलं तर घर योजनेतून बाद, आणि बाद घराच्या माळ्यावरचं अस्तर परत काढून न्यायचं.

"घातलेलं काढायचं?" लेक म्हणाली.

"काढायला वेगळी माणसं येतात. ती जास्त वक्तशीर आहेत."

"बाबा या भिंतीला टेकून बसतात हो. त्यांची कंबर—"

"काका, तुम्ही दुसऱ्या भिंतीला नाही का टेकू शकत?"

मिस्त्रीने दुसऱ्या भिंतीकडे बघितलं. तीही त्यानेच बांधली होती, त्याच मालाने, तीच वाळू चाळून. कॅमेऱ्यात ती गर्द निळी दिसत होती. इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या मनात डोकावला नव्हता असं नाही. त्याने त्याला बसायला सांगितलं नव्हतं, इतकंच.

"लावा अस्तर," तो म्हणाला.

"बाबा, मी टोपी घालून झोपेन. सवय आहे मला."

"तू गप बस. केस दिसू देत जरा."

एवढं बोलून तो चपला शोधू लागला.

"कुठे निघालात?"

"शेजारी."

हा शब्द त्या घरात जाण्यायेण्यासाठी कधी वापरला गेला नव्हता. लेक त्याच्यामागे निघाली, आणि आपल्याला थांबायला कोणी सांगितलं नाही म्हणून तपासनीसही निघाला.

लॉन्ड्री वाफेने भरलेली होती. इस्त्रीबाई एका चादरीच्या घड्या घालत होती. मिस्त्री आत शिरला आणि त्याने सवयीने आधी छत बघितलं.

"तुळईला तडा गेलाय," तो म्हणाला.

"या."

"त्या कोपऱ्यात ओल आहे. खिडकीची चौकट तिरकी बसवलीय, कोणी बसवली?"

"मिस्त्री, तुम्ही गप्पा मारायला आलात की नोटीस द्यायला?"

मिस्त्रीने जन्मात कोणाचे आभार मानले नव्हते. त्याला कोणाचं काही आवडलं तर तो त्याच्याकडची गळकी मोरी दुरुस्त करून द्यायचा. आता हाताशी थापी नव्हती, त्यामुळे पंचाईत झाली.

"माझी कंबर," तो म्हणाला आणि थांबला. मग बॉयलरकडे बोट दाखवलं. "इतकी वर्षं. मी मालाचं नाव सांगत होतो सगळ्यांना. ते तुमचं होतं. तेवढं सांगायला आलो. आता अस्तर लागणार आहे, मग राहून जायला नको."

इस्त्रीबाईच्या हातातली चादर तशीच राहिली. "कसलं अस्तर?"

तपासनिसाने पुन्हा नियम सांगितला. तुमची ऊब वाया जाते, ती वाचेल, तुमचा फायदाच आहे मावशी, असंही म्हणाला.

"आणि रेडिओ?"

"कुठला रेडिओ?"

"यांचा. अस्तर लावल्यावर ऐकू येईल का?"

"नाही येणार. आवाजही अडेल. तो अधिकचा फायदा."

इस्त्रीबाई स्टुलावर बसली. "माझ्या चादरी बाहेर वाळत घालायच्या की आत, ते मी यांच्या रेडिओवरचं हवामान ऐकून ठरवते. लॉन्ड्री सुरू केल्यापासून."

"मावशी, नवीन रेडिओ घेऊन देते मी तुम्हाला," लेक म्हणाली.

"बातम्या कुठेही ऐकू येतात गं. पण बातम्या देणाऱ्याला तुझे बाबा जी उत्तरं देतात, ती माझ्याशिवाय कोणाकडे येतात? परवा त्या हवामानवाल्याला म्हणाले, खिडकी उघडून बघ रे एकदा. मी हसून हसून एका शर्टाची कॉलर जाळली."

मिस्त्रीचे कान लाल झाले. कॅमेऱ्यात नक्की दिसले असते.

"बॉयलर बसवणारा म्हणत होता, त्या बाजूला बसवू, पाईप कमी लागेल," ती पुढे म्हणाली. "मी म्हटलं, याच भिंतीला बसव. पलीकडे एक तान्हं पोर थंडीने रात्रभर रडतं."

लेकीने तिच्याकडे बघितलं.

"माया वगैरे काही नव्हती हं," इस्त्रीबाई म्हणाली. "मला झोप हवी होती."

बॉयलर तेवढा गुरगुरत होता. मग तपासनिसाने घसा खाकरला.

"नियम स्वतंत्र मालमत्तांच्या मधल्या भिंतीला आहे," तो तुळईच्या तड्याकडे बघत म्हणाला. "मध्ये येण्याजाण्याचा दरवाजा असला तर ती आतली भिंत धरतात. आतल्या भिंतीला अस्तर लागत नाही. ऊब घरातल्या घरात राहिली असं समजतात."

"पण इथे दरवाजा कुठे—" लेक म्हणाली.

"आज उशीर झालाय. माझी भिंतीची पाहणी अर्धवट राहिली," तपासनीस म्हणाला. "उद्या दुपारनंतर येईन. दरवाजा आधीपासून आहे की नाही, ते उद्या बघू."

तो गेल्यावर मिस्त्रीने ओळंबा काढला.

वर लोखंडी पट्ट्या घालून आधी भार तोलला, मग खडूने चौकट आखली, आणि मग छिन्नी लावली. भिंत हलेना. हातोडा दणके देऊन दमला, छिन्नीची धार गेली, लेकीने कामावरचं ड्रिल मशीन आणलं तर त्यातून जळका वास आला. सकाळपर्यंत जेमतेम एक वीट सुटली. पलीकडून इस्त्रीबाई विचारायची, "मिस्त्री, तोडताय ना? की पुन्हा बांधताय?"

मिस्त्री घामाने निथळत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की लेकीला काळजी वाटली.

"बाबा, जरा बसा."

"माल बघ," तो म्हणाला. "बघ माल. ऊब असेल तिची. माल माझा आहे."

दुपारपर्यंत भिंत आरपार झाली. तिकडची वाफ इकडे आली आणि इकडचा रेडिओ तिकडे गेला. इस्त्रीबाईच्या जुन्या इस्त्रीच्या टेबलाच्या फळ्यांचं दार केलं. एका फळीवर इस्त्रीचा जळका तिकोनी डाग होता, तो मुद्दाम मिस्त्रीच्या बाजूला ठेवला.

तपासनीस आला तेव्हा गिलावा ओला होता. त्याने चौकटीला टेकून कागद भरला, "दरवाजा: जुना" असं लिहिलं, आणि वळला तर काळ्या कोटाची पाठ पांढरीफटक. इस्त्रीबाईने कोट काढून घेतला, ब्रशने झाडून वाफेवर धरला आणि कडक इस्त्री करून परत दिला.

"मावशी, मी हे घेऊ शकत नाही. कामावर असताना काही स्वीकारायचं नाही असा नियम आहे."

"अरे, तुझाच कोट आहे."

तपासनिसाने नियम मनातल्या मनात तपासला आणि कोट घातला. तो अजून गरम होता.

प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावायचं, असा नियम. मिस्त्रीकडे दिवाणखाना नाही, म्हणून त्याने ते दाराच्या चौकटीवर लावलं, दोन्हीकडून दिसेल असं. लेक वर टोपीशिवाय झोपते. मिस्त्री खुर्ची टेकवून बसतो. दार बहुतेक उघडंच असतं, आणि हवामान सांगून झालं की पलीकडून आवाज येतो, "मिस्त्री, त्याला काहीतरी म्हणा की."

एकच गोष्ट मिस्त्रीला डाचत होती. प्रमाणपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: भिंतीतून उष्णतेची हानी. त्याने लेकीला कागद घेऊन बसवलं, इस्त्रीबाई दारात उभी राहिली, आणि त्याने मजकूर सांगितला. अर्ज संबंधित खात्याकडे रवाना झाला आहे, तो असा:

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, सदर भिंतीतून गेली कित्येक वर्षे इकडे आलेली उष्णता ही हानी नसून ती योग्य जागी मिळालेली आहे. मिळाल्याची पोच अर्जदाराची कंबर देण्यास तयार आहे. तरी विनंती की, सदर उष्णता 'हानी' या रकान्यातून काढून 'आभार' या रकान्यात टाकण्यात यावी. असा रकाना अस्तित्वात नसल्यास तो आधीपासून होता असे समजण्यात यावे."