पाच नागांचा देव

सुरतेत प्लेग येऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षी तिथल्या कोसाडच्या वसाहतीत नागदेव अवतरला. काचेच्या बरणीत इवल्याशा चकतीला फुटलेले पाच वळवळते नाग! पाहायला कतारगामहून कापडाच्या लूमवरल्या कामगारांची रीघ लागली.

"पाताळातनं आणलाय!" पंडित महाराज गरजले. पाताळ खारट असावं, कारण चेला डुमसहून समुद्राचं पाणी भरून आणत असे.

महाराजांनी चिमट्यानं एक नाग दाबला. तो तुटला, तरी वळवळतच राहिला. मग दुसरी बरणी उघडली. तिच्यातल्या देवाला तुटल्या जागी कोवळा नाग फुटत होता.

"मंत्राचा प्रताप! माणसाचंही असंच उगवेल. फक्त दवाखान्याची पट्टी सोडा!"

सगळ्यात मोठ्यानं 'जय' ओरडला हिलाल. त्याच्या धाकट्या भावाची, लोटूची, दोन बोटं लूममध्ये तुटली होती. हिलालनं तिथंच लोटूची पट्टी सोडून जखमेत महाराजांनी दिलेली राख भरली.

"दादा, आग होतेय."

"उगवताना होणारच."

काही दिवसांतच हात कोपरापर्यंत सुजला, लोटू तापात बरळू लागला. शेजारच्या छायाबाई मराठी शाळेत विज्ञान शिकवत. त्यांनी त्याला इस्पितळात नेलं. जीव वाचला, पण पंजा कापावा लागला.

रविवारी बाईंनी डुमसच्या उथळ पाण्यातले दगड उलटले आणि बादली घेऊन थेट महाराजांचा दरबार गाठला. बादलीत तसलेच दहा-बारा देव होते. बाईंनी एकाला चिमटीत धरलं. मंत्र नाही, राख नाही, तरी नाग तुटून वळवळला. दुसऱ्या दोघांना कोवळे नाग फुटलेलेच होते.

"हा भंगुरतारा, समुद्रातला साधा जीव. शत्रूनं धरलं की बाहू टाकून पळतो, मग नवा उगवतो. ती त्याची जातच आहे. माणसाचं बोट उगवत नाही."

"स्पर्शाचं पाप लागेल!" महाराज किंचाळले.

"पाप मनं शे, माझं," मागून हिलाल म्हणाला. त्याला मान वर करवेना. "पट्टी मीच सोडली. डॉक्टरनं बजावलं होतं, तरी. आता लोटूसमोर उभं राहायची लाज वाटते. रांगेतल्यांनो, तुम्ही तरी विचारा, हे कसं होतं म्हणून. मी एकदाही विचारलं नाही."

रांगेतल्या सुभद्राबाईंनी भाजलेल्या नातीच्या हातावरची राख पदरानं झाकली.

"बाई," त्या पुटपुटल्या, "दवाखाना आत्ता उघडा असेल का?"