थंड हात आणि फासे

थंडहाते बाबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रोग्याच्या कपाळावर गारेगार तळवा ठेवून बाबा गरजत, "रोगा, बिऱ्हाड हलव! मालक आलाय!" लोक धन्य होत. आणि गंमत म्हणजे बहुतेकांना चार दिवसांत उतारही पडे.

गर्दीत गणिताच्या मास्तरांची ताई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीला फिट्स येत. मध्यंतरी फार वाढल्या, बाबांचा हात फिरला आणि कमी झाल्या. "आता गोळ्या कशाला? एका म्यानात दोन तलवारी?" बाबा म्हणाले. ताईने गोळ्या बंद केल्या. काल फिट येऊन पोर जिन्यावरून कोसळली. डोक्याला टाके पडले.

मास्तर धावतच आले. "ताई, अजून इथेच?"

"वाढलंय म्हणून तर आणलं. बरी असताना कोण आणतं?"

मास्तर थबकले. मग वर्गातले फासे त्यांनी पिशवीतून काढून रांगेत वाटले. "टाका. एक पडेल तो आजारी."

ज्यांना एक पडला, त्यांच्या डोक्यावर खडूने माखलेला हात ठेवून मास्तर म्हणाले, "बरे व्हा! पुन्हा टाका."

जवळजवळ सगळ्यांचा आकडा वाढला.

"मास्तर, तुमच्याही हाताला गुण आहे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"गुण कसला? एकाच्या खाली फासा जातच नाही. दुखणंही असंच वरखाली होतं. आपण येतो ते अगदी वाईट दिवशी; पुढे बहुधा उतारच असतो. उतारावरच्या गाडीला हात लावून 'मीच चालवली' म्हणायचं! ज्यांना उतार पडला नाही, ते इथे सांगायला येतात का? आणि गारवा म्हणाल, तर आसनाखालचा बर्फाचा डबा पाझरतोय."

बाबा उसळले, "तुझी श्रद्धा कच्ची!"

हसू विरलं. ताई पुटपुटली, "गोळी मीच काढून घेतली रे तिच्या हातातून."

मास्तरांनी भाचीला उचललं आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. फिट्स आटोक्यात यायला मात्र वेळ लागणार होता. अंगणातली निम्मी रांग उठली. निम्मी तशीच बसून राहिली.

गुण आला म्हणण्याआधी एवढंच विचारा: हात फिरला नसता, तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.