खिडकीचं वाक्य

निवृत्त ग्रंथपालाला सहसा कोणी भाषणाला बोलावत नाही. मला बोलावतात. 'तंत्रज्ञान आणि ग्रंथालयांचं भवितव्य' असा विषय कोणाच्या तरी डोक्यात येतो, वक्त्यांची शोधाशोध होते, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "त्या आजीबाईंना बोलवा, त्या गमतीदार बोलतात." भवितव्यावर बोलायला आजीबाई! माझी लेक म्हणते, "आई, ज्यांना भवितव्यात राहायचंच नाही, त्यांना त्यावर बोलायला कसली भीती?" जिभेच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

मी कुठेही जाते. शाळेचं सभागृह, एखाद्या संस्थेच्या वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली, जिथे पंखा चालू केला की वक्ता ऐकू येत नाही आणि बंद केला की श्रोते झोपतात. गुडघे कुरकुरतात, गाड्या बदलाव्या लागतात, आयोजक दोन बिस्किटांवर बोळवण करतात. तरी जाते. लोकांना वाटतं, केवढी ही पुस्तकांची तळमळ! तळमळ आहेच. पण खरं सांगायचं तर मी जाते ती भाषणाच्या मध्यावर वाजवायच्या एका छोट्या तुकड्यासाठी. त्यात ह्यांचा आवाज आहे.

घरी मी तो एकटीने कधी ऐकला नाही. एकदा ऐकायला बसले होते. बटणावर बोट ठेवून किती तरी वेळ बसले आणि मग कुकर लावायला उठले. माणसांनी भरलेल्या खोलीत मात्र जमतं. माणसं हसतात, त्यांच्याबरोबर मीही हसते, आणि तेवढ्यात ऐकून होतं.

हे विजेच्या कार्यालयात मीटर तपासायचे. दिवसभर लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे उतरवायचे आणि संध्याकाळी आमच्या ग्रंथालयात यायचे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी आम्ही पुस्तकं ध्वनिमुद्रित करायचो. 'बोलकी पुस्तकं' असं विभागाचं भारदस्त नाव. प्रत्यक्षात ती मागची अडगळीची खोली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली. एक टेबल, एक टेपरेकॉर्डर, आणि एक मायक्रोफोन. श्वासाची फुसफुस ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या डोक्यावर माझा एक लोकरी मोजा चढवलेला. हे टेबलाशी, मी रेकॉर्डरशी.

नियम साधा होता. वाचणारा अडखळला, खोकला, शिंकला, बाहेर कुत्रं भुंकलं, की थांबायचं, टेप मागे न्यायची आणि त्याच्यावरच पुन्हा वाचायचं. ऐकणाऱ्याला पुस्तक ऐकू यायला हवं, वाचणारा नव्हे. मी यात फार कडक होते. टेपवर एक उसासासुद्धा राहू देत नसे.

"तुझ्या आईनेसुद्धा मला इतकं टोकलं नसेल," हे म्हणायचे.

"तिला तुमच्याकडून पुस्तक वाचून घ्यायचं नव्हतं."

"बरं झालं. मुलगी दिली नसती."

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूला एक खिडकी होती आणि रस्त्यापलीकडे स्कूटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. उन्हाळ्यात खिडकी लावली की जीव गुदमरायचा आणि उघडली की स्कूटर आत यायची. एका संध्याकाळी हे एका सागरी प्रवासाचं पुस्तक वाचत होते. त्या टेपवर असं ऐकू यायचं: "जहाज किनाऱ्यापासून दूर जाऊ लागलं, तेव्हा..." मग खोकला. मग पलीकडे कोणीतरी किक मारतंय, मारतंय, मारतंय. आणि मग ह्यांचा आवाज, पुस्तकातला नव्हे, घरातला: "अगं, ती खिडकी लाव जरा. त्याची गाडी काही आज सुरू होत नाही." मग माझी पावलं, कडीचा आवाज, ह्यांचं एक "हं", आणि पुढे, "...तेव्हा डेकवरच्या कोणीच मागे वळून पाहिलं नाही."

ते तेवढं पुसायचं राहिलं. उद्या पुसू म्हणून ठेवलं. मग तो खोकला थांबेना. आम्ही दोघांनीही तो ऐकला होता, आणि दोघंही पुढे वाचत राहिलो होतो. डॉक्टरांनी घसा उघडला, त्यात आवाज गेला. माणूस त्यानंतरही काही वर्षं माझ्यासमोर होता. पाटीवर लिहून बोलायचा, पाटीवरच भांडायचा, आणि भांडण हरायला आलं की पाटी पुसून टाकायचा. पण पुस्तक अर्धं राहिलं, वाचकांना तसंच द्यावं लागलं, आणि त्याबरोबर ते वाक्यही राहिलं.

भाषणात मी तो तुकडा वाजवते तो जुनं तंत्रज्ञान दाखवायला. ह्यांनी "खिडकी लाव" म्हटलं की मी व्यासपीठावरून उतरते आणि त्या सभागृहाची एखादी खिडकी खरोखर लावून येते. लोक खळखळून हसतात. मग तीच ओळ मी यंत्राच्या आवाजात ऐकवते आणि म्हणते, "हे यंत्र माझ्या नवऱ्यापेक्षा शुद्ध वाचतं. त्याला खोकला नाही, चहा लागत नाही. फक्त ते तुम्हाला कधी खिडकी लावायला सांगणार नाही." लोक टाळ्या वाजवतात. मी पाणी पिते. माझं काम झालेलं असतं.

गेल्या खेपेला परिचारिकांच्या महाविद्यालयात भाषण होतं. माझ्याबरोबर आमची नवी ग्रंथपाल आली होती. तिला नवी म्हणायचं ते माझ्या सवयीने. तिचे आता केस पिकायला लागलेत. माझ्याच हाताखाली शिकली. संगणकाचं सगळं तीच बघते. आदल्या दिवशी माझा पेन ड्राइव्ह घेऊन गेली होती, चित्रं नीट लावून आणते म्हणून.

"बाई, आज तुमच्यासाठी एक गंमत आहे," ती गाडीत म्हणाली.

"या वयात गमती सांगून कराव्यात. एकदम केल्या तर खर्चात पडशील."

"बघाच तुम्ही," म्हणून ती हसली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आमचा एक जुना वाचक येऊन बसला होता. जन्मापासून दिसत नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. ह्यांच्या टेप ऐकत मोठा झालेला. मी नेहमीसारखी सुरुवात केली, नेहमीचे विनोद केले आणि नवीला खूण केली.

"जहाज किनाऱ्यापासून दूर जाऊ लागलं, तेव्हा डेकवरच्या कोणीच मागे वळून पाहिलं नाही."

आवाज धुतलेल्या काचेसारखा स्वच्छ होता. मागची खरखर नाही, खोकला नाही, स्कूटर नाही. "तेव्हा" आणि "डेकवरच्या" यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीसुद्धा जागा नव्हती.

मी खिडकीपाशी पोचले होते. पायांना सवय झालेली. त्यांनी वाक्याची वाट पाहिली नव्हती. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं की ही आजीबाई भाषण सोडून तिकडे कशाला गेली. हे पुढे वाचत होते, जहाज दूर चाललं होतं. मी खिडकी लावली. कडीवरून हात काढवेना, म्हणून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून ऑपरेटरने मोठ्याने विचारलं, "बाई, खिडकी कुठे गेली?"

"काका, त्या खिडकीपाशीच उभ्या आहेत की!" मागून एक मुलगी म्हणाली, आणि सगळे हसले. हशा तेवढा नेहमीसारखाच पडला.

भाषण कसं संपवलं ते मला सांगता यायचं नाही. पाठ असलेली गोष्ट तोंड आपोआप म्हणतं. नंतर व्हरांड्यात मी नवीला गाठलं.

"तो मधला भाग कुठे गेला?"

"साफ केला, बाई! सगळी बोलकी पुस्तकं साफ केली. नवीन प्रोग्रॅम आहे, खोकला, गाड्या, मधलं बोलणं बरोबर ओळखून काढून टाकतो. काकांचा आवाज किती सुंदर लागतो ना आता? तुम्हाला आधी ऐकवायचा होता."

"आणि मूळ टेप?"

"टेपना बुरशी धरली होती. समितीने सांगितलं, संगणकावर घेतल्यावर ठेवू नका."

"संगणकावर घेतलेलं मूळ?"

"एकाच प्रतीपुरती जागा होती, बाई." आता तिचा आवाज बारीक झाला. "तुमच्या पेन ड्राइव्हवरचीही मी बदलली. तुमच्याकडे चांगली प्रत असावी म्हणून." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हीच शिकवलंत ना... वाचणारा ऐकू यायला नको म्हणून..."

मी शिकवलं होतं, आणि ते बरोबरच शिकवलं होतं. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने माझ्यासाठी खपून केलं होतं. ती रडायला लागली, तेव्हा माझाच रुमाल तिला द्यावा लागला.

ऑपरेटर भिंतीला हात लावत आमच्यापाशी आला. त्याने सगळं ऐकलं असावं.

"काय मायेने म्हणायचे हो ते, बाई! आम्ही वसतिगृहात ती टेप मागे नेऊन नेऊन ऐकायचो. पुस्तकातलं आम्हाला सगळेच ऐकवायचे. घरातलं असं कोणी बोलायचं नाही."

"तुमच्याकडे नक्कल आहे का हो तिची?" मी विचारलं. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

"कुठली? तुम्ही पहिली टेप परत केल्याशिवाय दुसरी द्यायचा नाहीत." तो हसला, मग थांबला. "चोरायला हवी होती."

घरी आल्यावर लेकीला फोन केला.

"माझ्याकडे कशी असेल, आई? तू ती गावोगाव वाजवत फिरायचीस. मला वाटलं, तुझ्याकडे ढीगभर असतील."

मी तिला ऑपरेटरचं बोलणं सांगितलं.

"मायेने? आई, बाबा वैतागले होते त्यात."

"काहीतरीच काय! गंमत करत होते. हसत म्हणाले होते."

"लोक हसायचे, आई. बाबा नव्हते हसत. दिवसभर वणवण करून आलेला माणूस, घसा दुखतोय, आणि तू श्वाससुद्धा घेऊ द्यायची नाहीस. मला तर नेहमी तसंच ऐकू यायचं. पण म्हटलं, तुला आवडतंय तर..."

फोन ठेवला. वाचकांमध्ये वाद झाला की मी जन्मभर एकच सांगत आले होते: भांडू नका, मूळ प्रत काढा. आता तीन माणसांनी तीन तऱ्हांनी ऐकलेलं एक वाक्य होतं, आणि काढायला मूळ प्रत नव्हती. शब्द मला एकूण एक पाठ होते. पण डोळे मिटून ते ऐकायला गेले, की ऑपरेटर म्हणत होता तसं ऐकू यायचं; आणि दुसऱ्यांदा ऐकायला गेले, की लेक म्हणत होती तसं.

नवीने हार मानली नाही. माझ्या जुन्या भाषणांची चित्रफीत कोणीतरी काढली असेल म्हणून तिने सगळ्या आयोजकांना पिडलं. शेवटी एक मिळाली. तिने मला ग्रंथालयात बोलावून घेतलं. आमची मागची खोली आता संगणकाची झाली आहे. ब्लँकेटं गेली, खिळ्यांची भोकं तेवढी राहिलीत. खिडकी तीच.

चित्रफितीत मी पुढे वाकून उभी आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर जाऊ लागतं, खोकला येतो, स्कूटरची किक ऐकू येते, आणि "अगं" एवढं कानावर पडतं न पडतं तोच लोक हसायला लागतात. काही जणांनी माझं भाषण आधी ऐकलेलं असावं, त्यांना पुढचं ठाऊक होतं. त्या हशाखाली कोणीतरी काहीतरी बोलतंय एवढंच कळतं. मी खिडकीकडे निघते. मीही हसतेय.

"हा हशा काढून टाकता येईल का तुझ्या प्रोग्रॅमला?"

"करून बघितलं, बाई. हशाबरोबर काकाही जातात."

मग ती चाचरत म्हणाली, "बाई, एक करता येईल. रागावू नका. काकांची कितीतरी पुस्तकं आपल्याकडे आहेत. तेवढ्यावरून यंत्र त्यांचा आवाज शिकतं. आपण वाक्य लिहून द्यायचं, ते काकांच्या आवाजात म्हणेल. अगदी काकाच वाटतील."

यंत्र कधी खिडकी लावायला सांगणार नाही, असं मी भाषणांत सांगत होते इतकी वर्षं. नाही म्हणायला हवं होतं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

तिने वाक्य लिहिलं. मी त्यातला 'जरा' योग्य जागी आणायला सांगितला. तिचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं.

"हे सूर विचारतंय, बाई. साधा, प्रेमळ, गमतीचा, की वैतागलेला?"

मी पडद्याकडे बघत राहिले. चार चौकोन होते, चारही रिकामे. बाहेर रस्ता फोडायचं काम चाललं होतं, त्या यंत्राचा खडखडाट खोलीभर झाला होता.

"अगं, ती खिडकी लाव जरा," मी म्हणाले.

ती उठली. खिडकी लावली, कडी घातली, आणि तिथेच माझ्याकडे वळून उभी राहिली.

मी कुठल्या सुरात बोलले होते, ते मी आठवू लागले. आत्ताच तर बोलले होते. आठवेना.