पदरची वीस मिनिटं

"चार हजार किलोमीटर. साडेपाच तास धरा," चौकशीबाईंनी फोनवर सांगितलं आणि रिसीव्हर ठेवला. त्यांच्या नोकरीतलं ते शेवटचं उत्तर.

फोनवरच्याने विचारलेल्या शहराहून विमान इथे पाच तास दहा मिनिटांत येतं, हे शेजारच्या टेबलावरच्या मलाही पाठ होतं. वरची वीस मिनिटं बाई पदरची घालत. विमान लवकर आलं तर कुणी भांडत नाही, उशीर झाला तर लोक आपलं डोकं खातात, असं त्यांचं म्हणणं. आम्हा सगळ्यांना त्यांनी हीच सवय लावली होती. विमानतळाच्या वरच्या मजल्यावरची आमची खोली आज बंद होणार होती. चौकशीची उत्तरं आता यंत्र देणार होतं. थोड्याच वेळात एक माणूस आला आणि फोनच्या तारा काढून गेला.

"सुटलात बाई," मी म्हटलं. "आता घरी खुशाल लोळत पडा."

"चार पंचवीस होऊ दे. मग जाते."

रोज चार पंचवीसला बाई रिसीव्हर उचलत, काही न बोलता ऐकत आणि ठेवून देत. त्या वेळी फोन वाजलेला मात्र मी कधीच ऐकला नव्हता. आज विचारलंच.

"कोण असतं हो?"

"बाबा." बाईंनी चष्मा काढून पुसला. "अकरा वर्षं झाली. आई गेल्यावर मीच हट्ट केला, माझ्याकडे राहायला या म्हणून. त्याच शहराहून निघाले, जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. चार पंचवीसला उतरले आणि मी खाली गेले पावणेपाचला. लोकांना सांगून सांगून मलाच ते साडेपाच तास खरे वाटायला लागले होते गं. बाकावर बसले होते. हातात माझ्या नंबरची चिठ्ठी. सगळं आटोपलं होतं. हमाल म्हणाला, म्हातारबाबा सारखे फोन लावत होते, पण लागतच नव्हता. कसा लागणार? मी कुणाला तरी सांगत बसले होते, साडेपाच तास धरा."

"आणि आता फोनवर काय म्हणतात?"

"उतरलोय, म्हणतात. तुला यायला किती वेळ लागेल, विचारतात. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

दुःखाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंच मला वाटलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि फोन वाजला. काढलेली तार माझ्या पायाशी पडली होती.

बाईंनी रिसीव्हर उचलला. बराच वेळ ऐकलं. मग पहिल्यांदाच बोलल्या, "बेचाळीस पायऱ्या, बाबा. एक मिनिट लागेल. तिथेच बसा."

पर्स उचलून त्या गेल्या. मी कठड्यापाशी धावले. खाली बाई बाकाच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. गर्दी बरीच होती. एक प्रवासी बॅग ओढत आला, त्या जागेवर टेकणार तोच थबकला. बाईंकडे त्याने पाहिलंही नाही. रिकाम्या जागेकडे बघून "माफ करा, आजोबा" म्हणाला आणि पुढे गेला.

पावणेपाच वाजून गेले तरी दोघं बसून होती.